मोडून पाहिलेले टूल

तपासणीच्या टेबलावर एक लाकडी खोका आहे. आज त्यात सहा वस्तू आहेत. एक, करंगळीएवढा स्क्रूड्रायव्हर. दोन, चार घड्या घातलेले पिवळे फडके. तीन, पोलादाचा एक अर्धा तुकडा. त्याची मोडलेली बाजू राखाडी मखमलीसारखी आहे. चार, तसाच दुसरा अर्धा तुकडा. याची मोडलेली बाजू मात्र साखरेसारखी चमचमते. पाचवी आणि सहावी वस्तू म्हणजे मी. पाचवी एकवीस मिलिमीटर लांब आहे, सहावी सतरा.

मित्रांनो, मी हायस्पीड पोलादाचा एक जुना तुकडा आहे. लेथवर मला टूल म्हणतात. लेथवर धातूचा दांडा गरगर फिरतो आणि मी घट्ट आवळलेला, जागच्या जागी राहून त्याला कातत जातो. मी दोन ठिकाणी कसा, हे कळायला सुरुवातीपासून ऐकावे लागेल. घाई करू नका. घाईने आमच्या कुळात कुणाचे भले झालेले नाही.

लोखंडात थोडा कार्बन मिसळला की साधे पोलाद होते. माझ्यात त्याखेरीज शंभरात अठरा भाग टंगस्टन, चार भाग क्रोमियम आणि एक भाग व्हॅनेडियम आहे. ही मंडळी शोभेला आलेली नाहीत. कार्बनशी गाठ पडली की त्यांचे अतिशय कठीण, बारीक कण तयार होतात आणि ते पोलादात सगळीकडे पसरून बसतात. साधे पोलाद अडीचशे अंशांपर्यंत तापले की त्याची धार मऊ पडू लागते. माझी धार सहाशे अंशांच्या आसपास, म्हणजे अंधारात मंद लाल दिसेल इतकी तापली, तरी कापत राहते. आम्ही आलो आणि यंत्रे कितीतरी वेगाने चालवता येऊ लागली. आमच्या नावातला वेग तो हाच.

पण हे गुण जन्मतः अंगात नव्हते. मला वितळवले, ठोकले, रुळांतून लाटले आणि मग इतके हळूहळू थंड केले की मी अगदी मऊ झालो. मऊ असल्याशिवाय मला कापणार कसे? एका लांब दांड्यातून साध्या करवतीने आम्ही बारा भावंडे कापली गेलो. प्रत्येक जण दहा मिलिमीटर चौरस आणि शंभर मिलिमीटर लांब. दिसायला टूल, पण अंगात जोर काही नाही. तो जोर आम्हाला मागच्या खोलीत मिळाला.

ज्या कारखान्यात आम्ही आलो तो दोन खोल्यांचा होता. पुढच्या खोलीत दोन लेथ आणि धार लावायचे चाक. मागच्या खोलीत तीन भट्ट्या ओळीने आणि खिडकीपाशी तपासणीचे टेबल. कारखाना बाबांचा. त्यांनी मुलाला लेथ शिकवले, मुलीला भट्टी शिकवली आणि सून घरात आल्यावर तिला तपासणी शिकवली. मुलाला सगळे दादा म्हणत, सुनेला वहिनी. मुलगी धाकटी, म्हणून ती छोटी. पुढे तिचे केस पांढरे झाले तरी ती छोटीच राहिली.

बाबांचा एक नियम होता. भट्टीतून निघालेल्या प्रत्येक घाण्यातला एक तुकडा मोडून पाहायचा. आणि ज्याने तापवले त्याने मोडायचे नाही. मोडलेल्या जागी पोलादाचे कण दिसतात. उष्णता नेमकी असेल तर ते इतके बारीक असतात की सगळे मखमलीसारखे दिसते. उष्णता जास्त झाली तर कण एकमेकांत मिसळून मोठे होतात आणि साखरेसारखे चमकतात. असे टूल कठीण असते, पण ठिसूळ. तापवणाऱ्याला आपला घाणा नेहमी मखमलीसारखाच दिसतो, असे बाबा म्हणत. म्हणून तापवायचे छोटीने आणि मोडायचे वहिनींनी.

आमची पाळी आली त्या दिवशी छोटीने आम्हाला तारेने बांधले आणि पहिल्या भट्टीत सोडले. या भट्ट्यांत आग नसते, वितळलेले मीठ असते. तुमच्या जेवणातले नव्हे. हे मीठ विषारी. पहिल्या भट्टीत साडेआठशे अंश. थंड अंगाला एकदम मोठी आच लावली तर आम्ही तडकतो, म्हणून आधी ही तयारी. मग दुसरी भट्टी, बाराशे पंचाहत्तर अंशांची. तिचा रंग पांढऱ्याला टेकलेला पिवळा असतो. नुसत्या डोळ्यांना तो सोसत नाही, म्हणून छोटी निळ्या काचेतून पाहायची. भिंतीवर मीटर होता. त्याला जोडलेल्या दोन तारा चिनी मातीच्या नळीतून मिठात गेल्या होत्या. त्यांना थर्मोकपल म्हणतात. आच लागली की त्यांच्यात किंचितशी वीज उत्पन्न होते आणि मीटरचा काटा हलतो. छोटी आधी काचेतून पाहायची आणि मग मीटरकडे.

दुसऱ्या भट्टीत आम्ही अडीच मिनिटे होतो. तेवढ्यात ते कठीण कण बरेचसे विरघळून अंगात मुरले. आणखी थोडी आच वाढली असती तर कडा वितळल्या असत्या. थोडी कमी पडली असती तर कण विरघळलेच नसते. तिथून तिसऱ्या भट्टीत, साडेपाचशे अंशांना, आणि मग बाहेर हवेत.

थंड झालो तेव्हा कठीण झालो होतो, पण मन आणि शरीर एका जागी नव्हते. आमचा जवळजवळ चौथा हिस्सा जुन्याच रचनेत अडून बसला होता आणि उरलेला ताणाने तटतटला होता. म्हणून टेंपरिंग करतात: पाचशे साठ अंशांना तासभर, मग पूर्ण थंड. असे तीन वेळा. अडून बसलेला भाग दर वेळी थंड होताना बदलतो, आणि नव्याने बदललेला भाग पुन्हा ठिसूळ असतो. त्याला शांत करायला पुढची फेरी. मधे थंड होऊ दिले नाही तर तीन फेऱ्यांची एकच लांबलचक फेरी होते आणि काम अर्धवट राहते. छोटी आम्हाला मनगटाच्या आतल्या बाजूला टेकवून पाहायची, तान्ह्याचे दूध पाहतात तशी. ऊब अजिबात लागली नाही की मगच पुढची फेरी.

“वहिनी, एकच मोडायचा बरं का,” आम्हाला टेबलावर ठेवताना ती म्हणाली. “मागच्या वेळी दोन मोडलेस.”

“पहिला टेबलाखाली घरंगळला. तो काय मी खाल्ला?”

“तुझं काही सांगता येत नाही.”

“तुमच्या भट्टीतनं निघालेलं खाऊन दात कोण पाडून घेईल, वन्सं?”

वहिनींनी डोळे मिटून आमच्यात हात घातला. बोटे मला लागली, थांबली आणि शेजारच्या भावाकडे वळली. त्यांनी त्याला चाकावर खाच पाडली, शेगड्यात, म्हणजे वाइसमध्ये, आवळले, वर जाड कापड टाकले आणि हातोड्याचा एक घाव घातला. कापड उचलले. मखमल. बाबांनी ती अर्धी बाजू खिडकीशी धरून बराच वेळ पाहिली आणि म्हणाले, “ही जपून ठेवा. यापुढे सगळं हिच्याशी ताडून बघायचं.”

आम्ही अकरा उरलो.

मित्रांनो, त्यानंतरची माझी वर्षे दादांच्या लेथवर गेली. ती माझी उमेदीची वर्षे. पहिल्यांदा जाड दांड्यावर टेकलो तेव्हा निघालेले कातण निळे होऊन, वेटोळे घेत खाली पडले. निळे का, तर सगळी उष्णता त्यात गेली म्हणून. दादा ते चिमट्याने उचलून वहिनींना दाखवायला घेऊन गेले. वहिनी म्हणाल्या, “लग्नात एवढ्या कौतुकानं मला कुणाला दाखवलं नाही.” पंपांचे दांडे, कप्प्या, शिलाई मशीनच्या चाकांचे आस, सगळे मी कातले.

धार बोथट झाली की दादा मला चाकावर धरत आणि दर वेळी माझी लांबी थोडी कमी होई. त्याचे मला दुःख नव्हते. धार लावणे म्हणजे झिजणे, हे आम्ही धरूनच चालतो. भीती होती ती पाण्याची. चाकावर जोरात दाबले की टोक बघता बघता तापते आणि बोटांना चटका बसतो. मग वाटते, बुडवावे पाण्यात. माझा एक भाऊ दुसऱ्या लेथवर होता. तिथल्या कामगाराने त्याला असेच तापल्या अंगाने पाण्यात बुचकळले. वरून काहीच दिसले नाही. आत केसांसारख्या चिरा पडल्या आणि पुढच्याच कामात त्याचे टोक उडून गेले. दादा हलक्या हाताने, थांबत थांबत धार लावत. चटका बसला तर हात मागे घेत, पण मला पाण्यात बुडवत नसत.

त्याच वर्षांतली एक गोष्ट सांगायला हवी, कारण पुढचे सगळे तिच्यातून आले. एकदा मीटर बाराशे चाळीस दाखवत होता आणि छोटी काचेतून पाहून म्हणाली, “हा खोटं बोलतोय. भट्टी केव्हाच वर गेली आहे.” दादांना पटेना. बाबांनी घाणा थांबवला, थर्मोकपल बाहेर काढले, तर त्याच्या तारा खराब झालेल्या. छोटीच्या डोळ्यांनी पूर्ण घाणा वाचवला होता. त्या दिवसापासून कारखान्यात तिचा डोळा म्हणजे शेवटचा शब्द. बाबा गेल्यावर तर अधिकच.

मग कार्बाइडची टोके आली. ती माझ्याहून कठीण, माझ्याहून वेगवान, आणि त्यांना धार लावावी लागत नाही. बोथट झाली की फिरवायची नाहीतर टाकायची. दादांनी मला लेथवरून काढले तेव्हा मी अडतीस मिलिमीटर उरलो होतो. काही दिवस माझ्याकडून रंगाच्या डब्यांची झाकणे उघडून घेतली. मग एकदा तपासणीचे टेबल डुगडुगू लागले आणि वहिनींनी मला त्याच्या पायाखाली सरकवले. सहाशे अंशांना धार न सोडणारा मी, पाचर झालो. भट्टीवरची मोठी कामे मात्र चालूच होती, कारण दात असलेली मोठी कटरे अजून आमच्याच पोलादाची होत.

टेबलाखालून पाय दिसतात आणि आवाज ऐकू येतात. तिथून मला हळूहळू एक गोष्ट कळू लागली. छोटी काचेतून पाहायला पूर्वीपेक्षा जास्त वेळ लावत होती. एका सकाळी तिने मीटरकडे पाहिले, काचेतून पाहिले, परत मीटरकडे पाहिले आणि स्वतःशीच म्हणाली, “बाराशे पंचाहत्तर? हा तर अजून पिवळाच आहे. पुन्हा बिघडलास होय रे?” तिने करंगळीएवढा स्क्रूड्रायव्हर घेतला आणि मीटरच्या मागचा बारीक स्क्रू जरासा फिरवला. काटा तिच्या डोळ्यांशी जुळला. काही महिन्यांनी पुन्हा जरासा. नंतर पुन्हा. तिला त्यात गैर वाटले नाही. एकदा मीटर खोटा ठरला होता आणि डोळा खरा.

वहिनी दर घाण्यातला एक तुकडा मोडतच होत्या. पण बाबांनी जपायला सांगितलेला माझ्या भावाचा अर्धा भाग कधीतरी खणात मागे सरकला होता आणि दिसेनासा झाला होता. तो शोधण्याऐवजी वहिनी नवा तुकडा मागच्या घाण्याच्या तुकड्याशी ताडून पाहू लागल्या. मागच्यात आणि नव्यात फरक नसायचाच. असला तर इतका बारीक की दिसू नये. अशा रीतीने भट्टी तापत गेली, कण मोठे होत गेले आणि सगळे काही मागच्यासारखेच आहे, असे दोन्ही खोल्यांत सगळ्यांना वाटत राहिले.

मग एक गिऱ्हाईक चोवीस कटरे घेऊन परत आले. काम सुरू करताच दात झडत होते. दादांनी एक कटर वहिनींपुढे ठेवले. वहिनींनी ते उलटसुलट करून पाहिले आणि टेबलाचा खण पूर्ण बाहेर ओढून जमिनीवर पालथा केला. माझ्या डोळ्यांसमोर माझा भाऊ घरंगळत आला, तेलकट कागदात गुंडाळलेला.

त्यांनी त्या घाण्यातला मोडलेला तुकडा आणि माझा भाऊ शेजारी शेजारी धरले. एकाची मखमल, दुसऱ्याची साखर.

“वन्सं, जरा इकडे या.”

छोटी आली. तिने दोन्ही तुकडे डोळ्यांजवळ नेले, लांब धरले, पुन्हा जवळ नेले.

“पोलादच खराब आलं असेल,” ती म्हणाली.

“पोलाद तेच आहे. भट्टी जास्त तापली होती.”

“कशी तापेल? मी काचेतनं बघते, मीटर बघते. दोघं एकच सांगतात. दोन साक्षीदार आहेत माझे.”

दादा दारात उभे होते. ते म्हणाले, “छोटे, तो स्क्रू तू कधी फिरवलास का गं?”

तिने तुकडे टेबलावर ठेवले. मग म्हणाली, “मीटर पुढे पळायचा. म्हणून जुळवला.”

“कशाशी जुळवला?”

“माझ्या नजरेशी.”

“म्हणजे एकाला दुसऱ्यानं पढवलं,” वहिनी म्हणाल्या. “मग साक्षीदार एकच झाला, वन्सं. आणि माझं तरी काय? मीही मागचं बघून पुढचं पास करत बसले. बाबांचा तुकडा खणात, आणि मी वर बसून डोलतेय.”

शेजारच्या कारखान्यातून दुसरे थर्मोकपल आणि मीटर मागून आणले. दोन्ही नळ्या एकाच मिठात सोडल्या. आपल्या मीटरवर बाराशे पंचाहत्तर होते तेव्हा त्यांच्यावर तेराशे आठ होते.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितले, मोतीबिंदू. भिंग हळूहळू पिवळे झाले आहे. पिवळ्या भिंगातून पांढरा रंग पिवळा दिसतो, म्हणून छोटीला भट्टी कमी तापलेली वाटत होती आणि ती आच वाढवत होती. आधी एका डोळ्याची शस्त्रक्रिया झाली, मग दुसऱ्याची. तेवढ्या दिवसांत दादांनी नवे थर्मोकपल बसवले, मीटर शेजाऱ्यांच्या मीटरशी जुळवला आणि त्या स्क्रूवर लाखेचा ठिपका लावून टाकला.

छोटी परत आली ती आत पाऊल टाकताच थबकली. “केवढं निळं दिसतंय सगळं,” ती म्हणाली. “जग धुऊन काढल्यासारखं.”

“भिंती दोन वर्षांपासून तशाच आहेत,” वहिनी म्हणाल्या. “तुम्हाला आज दिसल्या.”

दादांनी खुर्ची पुढे केली. “बस. हे बघ छोटे, मीटर आता चांगला आहे. त्याच्याकडे बघून भट्टी कुणीही चालवेल. तू आता आराम कर.”

छोटी बसली नाही. तिने पिशवीतून निळी काच काढली, पदराने पुसली आणि हातात धरून ठेवली.

“कुणीही म्हणजे कोण, दादा?”

“अगं, कुणीही.”

“मीटर पुन्हा बिघडला तर ‘कुणीही’ला कळेल का?” हे वहिनींनी विचारले.

दादा बायकोकडे वळले. “तूच तर तिचा घाणा खोटा ठरवलास.”

“घाणा ठरवला. माणूस नाही ठरवला. डोळा नवा आहे. बरा आहे की नाही ते मोडून बघू. त्यालाच तर ठेवलंय मला.”

छोटी म्हणाली, “मीटर झाकायचा. मी एकटी बघून सांगणार. मोडल्यावर जुळलं नाही तर ही काच मी स्वतः टेबलावरच्या त्या लाकडी खोक्यात ठेवीन, आणि पुन्हा भट्टीचं नाव काढणार नाही.”

आता मोडायचे कुणाला, हा प्रश्न होता. नवे पोलाद घेतले तर ते नेमक्या आचेला कसे दिसते ते कुणाला ठाऊक? ज्याचे खरे रूप माहीत आहे असाच तुकडा हवा. वहिनी खाली वाकल्या आणि त्यांनी मला टेबलाखालून ओढून काढले. मी आणि खणातला भाऊ एकाच दांड्याचे, एकाच घाण्याचे. आच नेमकी असेल तर मी आतून त्याच्यासारखाच दिसायला हवा. टेबल पुन्हा डुगडुगले, तेव्हा दादांनी त्याच्या पायाखाली झिजलेले कार्बाइडचे टोक सरकवले. मित्रांनो, मी मनात काही आणले नाही असे म्हणणे खोटे होईल.

“थेट भट्टीत टाकूया,” दादा म्हणाले.

“आधी मऊ करायला हवा,” छोटी आणि वहिनी एकदमच म्हणाल्या आणि एकमेकींकडे पाहू लागल्या. कठीण झालेले हायस्पीड पोलाद मऊ न करता पुन्हा कठीण केले, तर आच नेमकी असूनही आत माशाच्या खवल्यांसारखे मोठे कण तयार होतात. मग दोष भट्टीचा की घाईचा, हे कळणारच नाही. म्हणून मला बिडाच्या किसात पुरून, डब्यात बंद करून शेजारच्या कारखान्यातल्या कोरड्या भट्टीत तापवले आणि तिथेच अगदी सावकाश थंड होऊ दिले. कित्येक वर्षांनी मी पुन्हा मऊ झालो. आयुष्यभर कमावलेले सगळे त्या डब्यात ठेवून आलो.

माझी पाळी यायच्या आधी छोटीने सराव केला. वहिनींनी मीटरवर पिवळे फडके टाकले. पहिल्या दिवशी छोटी “आता” म्हणाली तेव्हा फडके उचलले, तर बाराशे चाळीस. नव्या भिंगातून निळा रंग इतका भरपूर येत होता की तिला भट्टी आधीच पांढरी दिसत होती. ती बराच वेळ बाकावर बसून राहिली. वहिनींनी चहा आणून ठेवला.

“आता उलटीकडे चुकतेय,” छोटी म्हणाली.

“चुकताय ते कळतंय ना? आधी तेही कळत नव्हतं. मलाही.”

ती रोज पाहत राहिली. आधी रंग, मग आकडा बोलून दाखवायचा, आणि मगच फडके उचलायचे. या वेळी मात्र आकडा चुकला की ती स्क्रूला हात लावत नव्हती. पुन्हा काचेतून पाहत होती.

एके सकाळी मला तारेने बांधले. दादा मीटरपाशी उभे राहिले. फडक्याखाली डोकावून आकडा त्यांनी पाहायचा आणि वहिनींनी तुकडा पारखेपर्यंत कुणाला सांगायचा नाही, असे ठरले. पहिल्या भट्टीत मी तापलो. दुसऱ्या भट्टीपाशी छोटी काच धरून उभी होती. तिने आच थोडी वाढवली, थांबली, थोडी कमी केली.

“आता,” ती म्हणाली आणि मला सोडले.

दादांनी फडक्याखाली डोके घातले आणि बाहेर काढले. छोटीने त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिले. दादा छताकडे पाहू लागले.

अडीच मिनिटे. मग तिसरी भट्टी, मग हवा. टेंपरिंगची पहिली फेरी, मनगटावर टेकवून पाहणे, दुसरी फेरी, पुन्हा मनगट. तेवढा सगळा वेळ दादा तोंडात मिठाची गुळणी धरून बसले. छोटीने त्यांना सहज विचारल्यासारखे विचारले, “हवा काय म्हणतेय?” दादा म्हणाले, “मला मीटरबद्दल काही विचारू नकोस.” वहिनी हसू दाबायला खिडकीकडे वळल्या.

मित्रांनो, तिसऱ्या फेरीत पाचशे साठ अंशांच्या उबेत पडल्या पडल्या मी पुष्कळ विचार केला. तुमच्याजवळ हत्यारे असतील. ती कोरडी ठेवा, किंचित तेल लावून ठेवा, तापल्या अंगाने त्यांना पाण्यात टाकू नका. हे सगळेच सांगतात, मीही सांगतो. पण एक गोष्ट आणखी जपा. ज्या वस्तूशी तुम्ही बाकीचे ताडून पाहता, ती खणात मागे सरकू देऊ नका. आणि दोन जण तुम्हाला एकच गोष्ट सांगत असतील, तर त्यातल्या एकाला दुसऱ्याने पढवले तर नाही ना, हे विचारून पाहा.

मी थंड झालो. छोटीने मला मनगटाला टेकवले, टेबलावर ठेवले आणि नियमाप्रमाणे बाहेर निघून गेली. वहिनींनी मला चाकावर खाच पाडली. शेगड्यात आवळले. जाड कापड टाकले. मला भीती वाटली का, असे तुम्ही विचाराल. मी मोडण्याच्या कामाचा नव्हतो, कातण्याच्या कामाचा होतो; पण ते काम आता मला कुणी देणार नव्हते, आणि हे दिले होते.

एक घाव.

वहिनींनी कापड उचलले. मी दोन जागी झालो होतो. त्यांनी माझा एक अर्धा भाग आणि भावाचा अर्धा भाग खिडकीशी नेला. मग दोघांना पाठीमागे नेऊन मुठी बदलल्या आणि दादांना हाक मारली.

“हे दोन बघा. जुना कुठला?”

दादांनी चष्मा चढवला, तुकडे उजेडात फिरवले, अंगठ्याने चाचपले. शेवटी एकावर बोट ठेवले. ते माझ्यावर होते.

वहिनींनी बाहेर हाक मारली, “वन्सं, या आता.”

छोटी येऊन दारातच उभी राहिली, निळी काच मुठीत. वहिनींनी माझा सपाट भाग कठीणपणा मोजायच्या यंत्राखाली ठेवला; चांगल्या टूलचा आकडा चौसष्ट ते सहासष्ट येतो. हिऱ्याचे टोक खाली आले, दाबले गेले, उचलले गेले. असे तीन ठिकाणी.

“पासष्ट,” त्यांनी वाचले. “पासष्ट. साडेपासष्ट.” मग त्या नवऱ्याकडे वळल्या. “बोला आता. तोंड दुखायला लागलं असेल.”

दादांनी चष्मा काढला.

“बाराशे त्र्याहत्तर,” ते म्हणाले.